बोर्डाला अर्थ नाही!

मराठीच्या प्राध्यापकाला विजेतले काही कळत नाही, अशी लोकांची समजूत असते. ती अगदी बरोबर आहे. घरातला दिवा गेला की मी प्रथम खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहतो. तिथेही अंधार असला की मला हायसे वाटते, कारण मग दोष आमच्या घरातला नसतो आणि माझ्याकडून कोणी कसली अपेक्षा करीत नाही. समोर लख्ख उजेड असला, तर मात्र मी सौभाग्यवतीकडे पाहतो आणि ती एक सुस्कारा सोडून, स्टूल घेऊन मीटरपाशी जाते.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझे हे गुण ठाऊक आहेत. तेव्हा यंदाच्या दिवाळीला मी विजेवर लिहितो आहे हे वाचून त्यांनी भुवया उंचावल्या, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण ज्याला ठेच लागली त्यानेच दगड कुठे आहे ते सांगावे. आमच्या घरातला दगड चांगला तापलेला होता.

त्याचे असे झाले. आमची ही शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तिने मातीकामाच्या वर्गात नाव घातले. पहिल्या वर्षी घरात माती आली. दुसऱ्या वर्षी चाक आले. चाक आले म्हणजे त्यामागून आवा येणार, हे खरे तर माझ्या लक्षात यायला हवे होते. गेली अठरा वर्षे मी वर्गात गोरा कुंभारांवर बोलत आलो आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहिले, आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा सांगताना मुलेही जागी असतात. पण मडके पक्के व्हायला ते आधी भाजावे लागते, ही गोष्ट मी केवळ अध्यात्मात धरली होती. उन्हात कितीही वाळवलेले मडके पाण्यात ठेवले तर रात्रभरात त्याचा चिखल होतो. भाजल्यावाचून मातीचे भांडे होत नाही.

गावात कुंभाराला मोकळी जागा असते. गोवऱ्या, पेंढा, लाकूड रचून तो आवा लावतो. पुण्यात सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आवा लावला, तर चेअरमन आधी पेटतील. म्हणून हिने विजेची भट्टी आणली. परगावी निघालेल्या एका मैत्रिणीकडून अर्ध्या किमतीत मिळाली, आणि अर्ध्या किमतीत मिळालेली वस्तू नको म्हणणे आमच्या घराण्यात पाप समजले जाते. ही तिला ‘किल्न’ म्हणे, आमचे आबा ‘आवा’ म्हणत, आणि पुढे जे वायरमन आले ते ‘भट्टी’ म्हणत. तिघांचा रोख एकाच लोखंडी पेटीकडे होता.

पेटी दिसायला जुन्या तिजोरीसारखी. आत उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या हलक्या विटा. विटांना खाचा, आणि त्या खाचांतून स्प्रिंगसारखी वळवलेली जाड तार. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची ही तार लालभडक झाली तरी वितळत नाही. इस्त्रीत आणि गिझरमध्ये जे घडते तेच इथे घडते, फक्त इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास थांबते आणि ही भट्टी १००० अंश सेल्सिअस गाठते. साधी पणती तेवढ्यात पक्की होते. वर काचेसारखी झिलई द्यायची, तर दुसऱ्यांदा भाजावे लागते, आणि काही मातींना १२०० अंशांच्याही वर न्यावे लागते.

हे सारे सावकाश करायचे असते. आधी मातीतला ओलावा जायला हवा. तो घाईने तापवला तर आतल्या आत वाफ होऊन भांडे फुटते. पुढे ५७३ अंशांना मातीतली गारगोटी आपले रूप बदलते आणि फुगते. तिथे घाई केली तर तडा जातो. म्हणजे आठ तास भट्टी चालवायची, आणि विझवल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत दार उघडायचे नाही.

हे मला हिने सांगितले आणि मी ‘वा, वा’ म्हणत ऐकले. माझे लक्ष भट्टीच्या पाठीवरच्या पत्र्याकडे होते. त्यावर ‘२३० व्होल्ट, ३ किलोवॅट’ असे कोरलेले होते.

“अहो,” ही म्हणाली, “हिला वेगळी लाइन घ्यावी लागेल. वर्गातल्या बाईंनी बजावून सांगितलंय. वायरमनला बोलावू या.”

“किती घेईल तो?”

तिने आकडा सांगितला. भट्टीच्या किमतीचा पाचवा हिस्सा! मी खुर्चीवर सरळ बसलो. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये गिझरचे मोठे सॉकेट आहे. आबांनी १९७४ साली हा ब्लॉक घेतला तेव्हापासूनचे. त्यावर ‘१५ अँपिअर’ असे लिहिलेले. मी कागद घेतला आणि शाळेतला भागाकार केला. ३००० भागिले २३०, म्हणजे १३ अँपिअर. तेरा हे पंधरापेक्षा कमी असतात. हे समजायला विज्ञान शाखेला जावे लागत नाही.

“बसतंय की!” मी म्हणालो.

प्लग त्या सॉकेटात खरोखरच बसला. जरा सैल बसला, पण बसला. मराठी माणसाच्या घरात ‘बसतंय की’ आणि ‘चालतंय की’ ही दोन वाक्ये उच्चारली गेली की वाद संपतो. ही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “अधूनमधून सॉकेटला हात लावून बघा. गरम लागलं तर बंद करा.” मी हो म्हणालो.

पहिली भाजणी रविवारी लावली. एप्रिल महिना, संकष्टी चतुर्थी. ही मुलीला घेऊन तिच्या पोहण्याच्या वर्गाला गेली. मी पेपर तपासत बसलो. आबा आरामखुर्चीत पेंगत होते. भट्टी मागच्या बाल्कनीत मंद गुणगुणत होती. तिची वायर पॅसेजपर्यंत पुरत नव्हती, म्हणून मी मध्ये एक एक्स्टेंशन बोर्ड जोडला होता. त्या बोर्डालाही मोठे सॉकेट होते. तेही बसले होते.

चार तासांनी आबांनी डोळे उघडले आणि नाक उडवले.

“सुकट भाजतायत शेजारी,” ते म्हणाले, “ते आज, संकष्टीला!”

आमच्या शेजारच्या वहिनी मालवणच्या. त्यांच्या घरून येणारा वास नेहमी भूक वाढवणारा असतो, पण आबांना तो मान्य नाही. मीही हुंगले. खरेच, जळक्या सुकटासारखा वास होता. मी खिडकी लावून घेतली आणि पुन्हा पेपरांकडे वळलो. वास वाढला. आबा उठले, तावातावाने शेजारची बेल वाजवून आले. वहिनी दारातूनच त्यांच्या मागोमाग आत आल्या.

“आबानूं, आज माझी संकष्टी आसा!” त्या म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. “भावोजी, हा वास तुमच्या घरातला. काय चालू आहे?”

पॅसेजमध्ये गेलो. सॉकेटचा पांढरा रंग तपकिरी झाला होता. प्लगची एक बाजू मेणासारखी झुकली होती, आणि ज्यावर हे सारे बसवले होते त्या जुन्या सागवानी बोर्डाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ वर चालली होती. मी प्लग ओढायला हात पुढे केला. आबा स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी घेऊन धावत आले.

“हात लावू नका!” वहिनी ओरडल्या. एका हाताने त्यांनी आबांचा तांब्या धरला आणि दुसऱ्या हाताने मला मागे ढकलले. “मेन बंद करा आधी! मेन!”

वहिनींचे यजमान पूर्वी बोटीवर विजेच्या कामाला होते. त्यामुळे विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, आणि वितळलेल्या प्लगाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे त्यांना आपल्यासारख्यांच्या पाढ्यांइतके पाठ होते. मेन कुठे आहे हे मला आठवेना. त्यांनीच जाऊन पाडला.

धूर थांबला. आम्ही तिघे त्या पॅसेजमध्ये उभे होतो. त्या भिंतीच्या पलीकडे आमच्या मुलीची खोली आहे. तिचे अंथरूण, गाद्या, गोधड्या सगळे त्याच भिंतीला लागून. मी आत जाऊन पलीकडून भिंतीला तळहात लावला. भिंत कोमट होती.

ही घरी आली. तिने बोर्ड पाहिला, मुलीच्या खोलीतून हात फिरवून आली, आणि मला एक शब्दही बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षे झाली. बोलणे किती सुखाचे असते ते त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आले. साठीचे गृहस्थ, साताऱ्याकडचे, कपाळाला बुक्का. त्यांनी स्टूल मागितले नाही, चहा मागितला नाही. मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, चार स्क्रू काढले, बोर्ड पुढे ओढला, चष्मा वर करून आत पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “सर, तुमच्या बोर्डाला अर्थच नाही.”

आजवर माझ्या लेखांना, व्याख्यानांना आणि एका काव्यसंग्रहाला हे ऐकून घ्यावे लागले होते. बोर्डाबद्दल मी प्रथमच ऐकत होतो.

“हे बघा,” त्यांनी बॅटरी धरली. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे हिरवी वायर लावलेली होती. ती सहा इंच भिंतीत गेली होती आणि तिथे तुटून संपली होती. “हिरवी वायर आहे, पण ती कुठंच जात नाही. म्हणजे दिसायला तीन छिद्रं, कामाला दोन.”

शब्द आहे पण अर्थ नाही, अशी वाक्ये मी रोज लाल शाईने लिहितो. माझ्याच घराच्या भिंतीत पन्नास वर्षे तेच लिहिलेले होते.

त्यानंतर पॅसेजमध्ये एक वर्ग भरला. विद्यार्थी म्हणून मी, आमची ही, मुलगी, आबा आणि दारात वहिनी. वायरमनकाका शिकवत होते. त्यांच्यासारखे शिकवायला मला आणखी अठरा वर्षे लागतील.

“सर, हे सॉकेट कशासाठी होतं?”

“गिझरसाठी.”

“गिझर किती वॉटचा? दोन हजार. रोज किती चालतो? पंधरा-वीस मिनिटं. आणि भट्टी?”

“आठ तास,” ही माझ्याकडे न बघता म्हणाली.

“पोतं डोक्यावर घेऊन पंधरा मिनिटं उभं राहणं आणि आठ तास उभं राहणं, एकच का? गिझर बंद झाला की वायर निवते. भट्टी तिला निवू देत नाही. आणि पोतंही मोठं. गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, भट्टी तेरा. म्हणजे दीडपट. पण उष्णता दीडपट होत नाही, सर. अँपिअरचा वर्ग होतो. दीडचा वर्ग किती?”

“सव्वादोन,” आमची मुलगी म्हणाली. तिला माझ्यासमोर उत्तर द्यायला आवडते.

“तर सव्वादोनपट उष्णता, तीही आठ तास. आता हा स्क्रू बघा.” सॉकेटमधला स्क्रू त्यांनी बोटाने फिरवला. तो फिरला. “खरा चोर हा. पन्नास वर्षं गरम-गार होऊन ढिला झालाय. वायर ॲल्युमिनियमची. ती स्क्रूखाली दबत जाते, वर गंज धरते, आणि सांधा सैल पडतो. सैल सांध्यातून वीज जाताना अडते, आणि जिथं अडते तिथंच तापते.”

हे मी नंतर त्यांच्याकडूनच कागदावर मांडून घेतले. सांध्यात फक्त ०.२ ओहमचा अडथळा धरा. तेरा अँपिअरचा वर्ग १६९. गुणिले ०.२, म्हणजे जवळजवळ ३४ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंगचे लोखंड २५ वॅटचे असते, आणि त्याने शिसे वितळते. त्याहून तापलेला डाग मी माझ्या मुलीच्या भिंतीत चार तास ठेवला होता.

“पण मग फ्यूज कसा उडाला नाही?” मी विचारले. विचारू नये ते विचारणे हा शिक्षकाचा स्वभाव.

काकांनी चिनी मातीचा जुना फ्यूज ओढून काढला. त्यात बारीक तारेऐवजी पिळलेली जाड तांब्याची तार होती. “ही कुणी घातली?”

मी भिंतीकडे पाहू लागलो. चार वर्षांपूर्वी फ्यूज सारखा उडत होता, तेव्हा वैतागून मीच ती घातली होती. विजेच्या क्षेत्रातले माझे ते एकमेव यशस्वी कार्य. मी ते दोन-तीन घरी अभिमानाने सांगितलेही होते.

“ही तार म्हणजे पहारेकऱ्याला अफू,” काका म्हणाले. “पण खरं सांगू का सर, बरोबर तार असती तरी उडाली नसती. भट्टीनं तेराच अँपिअर घेतले, जास्त नाही. फ्यूज म्हणा की नवा एमसीबी म्हणा, त्याला फक्त अँपिअर मोजता येतात. सांधा जळतोय हे त्याला दिसत नाही. ते नाकालाच कळतं.” त्यांनी वहिनींकडे पाहून हात जोडले. आबा खाकरले आणि देवघराकडे निघून गेले.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी भट्टी नसेल आणि यायचीही नाही. पण एअर कंडिशनर असेल, इंडक्शनची शेगडी असेल, हिवाळ्यात हीटर लागत असेल, आता तर विजेच्या स्कूटरही घरोघरी चार्ज होतात. त्यांतला प्रत्येक पाहुणा तासन्‌तास मुक्काम करणारा आहे, आणि घरातल्या वायरी मात्र पंखा, दिवा आणि रेडिओ यांच्या काळातल्या. म्हणून आमच्याकडे काकांनी काय केले ते क्रमाने सांगतो. हे वाचून कोणी स्वतः पाना-पकड हाती घेऊ नये. मी तसे केले असते तर हा लेख दुसऱ्या कोणी, दुसऱ्या सदरात लिहिला असता.

प्रथम त्यांनी विजेचे बिल मागितले. बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. मी तो इतकी वर्षे एखाद्या दुर्बोध कवितेसारखा ओलांडून जात होतो. आपण किलोवॅटच्या कोणत्या आकड्यापर्यंत वीज वापरू, याविषयी वीज कंपनीशी झालेला तो करार. आमचा आकडा आबांच्या काळातला होता. तो वाढवून घेण्याचा अर्ज आधी केला.

मग मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट बाल्कनीपर्यंत भट्टीसाठी वेगळी लाइन. मध्ये कुठेही जोड नाही, आणि तिच्यावर दुसरा दिवासुद्धा नाही. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर जाडीची. तेरा अँपिअरला त्याहून बारीकही पुरली असती, असे मी सुचवून पाहिले. काका म्हणाले, “सर, पोतं उचलायला हमाल तेवढ्याच ताकदीचा बघता, की थोडा जास्त?” आठ तास चालणाऱ्या यंत्राला पाव हिस्सा तरी शिल्लक ताकद ठेवायची, हा त्यांचा हिशेब. तेराला सव्वापट केले तर सव्वासोळा होतात, म्हणून सोळाचे सॉकेटही नको. त्याऐवजी एअर कंडिशनरला लावतात ती लोखंडी डबी बसवली. दुकानात ‘एसी बॉक्स’ म्हणून मागायची. तिच्यात २० अँपिअरचे सॉकेट, तिचाच धातूचा जाड प्लग आणि २० अँपिअरचा एमसीबी एकत्र असतात. एक्स्टेंशन बोर्ड त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हा मोबाइलपुरता ठेवा.”

त्यानंतर अर्थ! हिरवी वायर नव्याने खाली मुख्य अर्थिंगपर्यंत नेली. भट्टीची पेटी लोखंडाची. आतली तार तुटून पेटीला टेकली, तर पेटीतच वीज उतरते. अर्थ असला तर ती जमिनीत जाते. अर्थ नसला तर पेटीला जो हात लावील त्याच्यातून जाते. म्हणून तर तीन पिनांतली अर्थची पिन लांब आणि जाड असते. प्लग आत जाताना ती सर्वांआधी टेकते आणि बाहेर येताना सर्वांनंतर सुटते.

काकांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला, एक टोक फेजला आणि दुसरे अर्थला लावले. बल्ब लख्ख पेटला. मी टाळी वाजवणार तोच ते म्हणाले, “याच्यावर जाऊ नका. साठ वॉटच्या बल्बला पाव अँपिअर पुरतो. तेवढं वाईट अर्थिंगही देतं. खरी वीज उतरली तर शेकडो अँपिअर न्यायचे असतात.” मग यंत्र लावून मोजले, तर आकडा वाईट आला. सगळी वरात खाली फाटकाजवळ गेली. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा एका बंद पडलेल्या स्कूटरखाली सापडला. त्यात मीठ आणि कोळसा घातलेला असतो, आणि उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, कारण कोरडी माती वीज नीट नेत नाही. कित्येक उन्हाळ्यांत तिथे कोणी पाण्याचा थेंब घातला नव्हता. खड्डा साफ केला, गंजलेला जोड बदलला, पाणी घातले. आकडा सुधारला, आणि तो एकट्या आमच्या घराचा नव्हे, चोवीस बिऱ्हाडांचा सुधारला. चेअरमन आता दर रविवारी तिथे बादलीभर पाणी घालतात आणि ती कल्पना आपली असल्याचे सांगतात. सांगू देत.

शेवटची वस्तू आरसीसीबी. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो सारखी तोलून पाहतो. वाटेत ३० मिलिअँपिअर, म्हणजे बल्बला लागते त्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी वीज जरी भलतीकडे गेली, तरी तो डोळ्याचे पाते लवायच्या आत सारे बंद करतो. “एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला,” काकांनी मुलीच्या वहीत लिहून दिले. त्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. आरसीसीबी पडला तर तो जागा आहे. हे काम आमच्या मुलीने मागून घेतले आहे. महिन्याच्या एक तारखेला ती बटण दाबते आणि घरभर अंधार झाला की “जागा आहे!” म्हणून ओरडते.

भट्टीचेही काही नियम झाले. भिंतीपासून दीड फूट दूर. खाली फरशी, वर पडदा नाही, जवळ वर्तमानपत्रांची रद्दी नाही. भाजताना मातीतून निघणारे वायू चांगले नसतात, म्हणून बाल्कनी उघडी आणि खोलीचे दार बंद. चालू भट्टीचे दार उघडायचे नाही, कारण आतल्या उघड्या तारेत वीज असते आणि तापलेली वीटसुद्धा विजेला पूर्वीसारखी अडवत नाही. आणि भट्टी लावून घराबाहेर जायचे नाही. हा शेवटचा नियम लिहिताना हिने माझ्याकडे पाहिले. ती घराबाहेर गेली होती आणि मी घरात होतो, हे खरे. पण मी घरात असणे म्हणजे कोणीतरी घरात असणे नव्हे, हे सिद्ध झाले होते.

निघताना मी काकांना पैसे दिले. भट्टीच्या किमतीचा पाचवा हिस्सा. पूर्वी सांगितला होता तोच. शिवाय भिंत फोडून नवा बोर्ड बसवण्याचे वेगळे. ते हिशेबात मी धरले नव्हते, कारण तेव्हा बोर्ड जळलेला नव्हता.

गेल्या महिन्यात दसऱ्याआधीच्या रविवारी दुसरी भाजणी लावली. मी पेपर घेतले नाहीत. लोखंडी डबीसमोर खुर्ची टाकून बसलो आणि दर अर्ध्या तासाने तिला हात लावून पाहिला. आठ तास ती गारच राहिली. वीज जास्तीत जास्त चोवीस युनिट जळली असेल. आबा दोनदा येऊन हुंगून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “कसलाच वास नाही,” आणि थोडे हिरमुसले. संध्याकाळी ते वहिनींकडे जाऊन तांब्या परत घेऊन आले. तो त्या दिवसापासून तिकडेच राहिला होता. तांब्यात सोलकढी होती. आबांनी ती देवघराकडे पाठ करून प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी निवल्यावर हिने दार उघडले. आत चाळीस पणत्या. काल फिक्या राखाडी होत्या, आज विटकरी तांबड्या. सहा वहिनींच्या, चार वायरमनकाकांच्या, एक अर्थिंगच्या खड्ड्यावर लावायची. तिने एक पणती तळहातावर घेतली आणि नखाने टिचकी मारली. टण्ण असा स्वच्छ आवाज आला.

“पक्की,” ती म्हणाली.

मग तिने माझ्या डोक्याकडे पाहिले. एप्रिलपासून आमच्यात या विषयावर फारसे बोलणे झाले नव्हते.

“वाजवून बघतेस?” मी मान पुढे केली.

“नको,” ती हसून म्हणाली, “तुमची अजून एक भाजणी राहिली आहे.”